ड्रमचं काय घेऊन बसलात

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ऑफिसातली मंडळी नाताळच्या कार्यक्रमाला आमच्या इव्हँजेलिकल (बायबलवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) चर्चमध्ये येऊन गेली की जानेवारीत चहाच्या वेळी हा प्रश्न ठरलेला: "तुमच्याकडे ड्रम, गिटार, पडद्यावर गाणी, पाळकसुद्धा जीन्समध्ये. सगळं एवढं मॉडर्न, मग विचार इतके जुने कसे?" पुण्यात प्रश्न विचारताना आडपडदा ठेवत नाहीत, ते बरंच. एखादा त्याच्याही पुढे जातो: "इव्हँजेलिकल म्हणजे ते ट्रम्पवाले ना?"

ट्रम्पचं आधी उरकते. 2016 मध्ये अमेरिकेतल्या गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी 80 टक्क्यांच्या आसपास लोकांनी त्यांना मत दिलं, हे खरं आहे. पण जगातले बहुतेक इव्हँजेलिकल आता आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत राहतात, त्या मतपेटीशी त्यांचा संबंध नाही. आम्हाला एकत्र धरणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. डेव्हिड बेबिंग्टन या ब्रिटिश इतिहासकारानं 1989 मध्ये त्या चारांत बसवल्या: पवित्र शास्त्र प्रमाण मानणं, ख्रिस्ताचा वधस्तंभ केंद्रस्थानी असणं, माणसाचं मन पालटलं पाहिजे हा आग्रह आणि विश्वास कामातून दिसणं. तुम्ही ज्याला जुनं म्हणता ते हे. ते जुनंच आहे आणि मी त्यात खूश आहे. माझी कुरबुर आहे ती नव्याबद्दल.

ड्रम आणि गिटार आले कॅलिफोर्नियातून. 1960 च्या दशकाच्या शेवटी तिथली हिप्पी पोरं येशूकडे वळायला लागली. कोस्टा मेसा इथल्या कॅल्व्हरी चॅपलच्या चक स्मिथ यांनी त्यांना अनवाणी पायांनी, लांब केसांसकट आत घेतलं, आणि त्यांच्याबरोबर त्यांचं संगीतही आत आलं. त्याआधी त्याच अमेरिकन परंपरेत सिनेमा, नाच, पत्ते सगळं वर्ज्य होतं. आमच्या आजीच्या पिढीत थिएटरात जाणाऱ्याबद्दल प्रार्थनासभेत वेगळी प्रार्थना व्हायची, तो कडकपणाही बराचसा मिशनऱ्यांच्याच सामानातून उतरलेला. पुढे सिडनीच्या हिलसाँग चर्चची गाणी आली. आज शहराच्या नव्या भागात, हॉटेलच्या भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या सभांत तीच गाणी म्हटली जातात, त्याच ओळीला हात वर जातात, त्याच ओळीला दिवे मंद होतात. गाणी वाईट नाहीत. मीही म्हणते.

पण यालाच मॉडर्न म्हणायचं असेल, तर आपल्याच गावचा इतिहास जरा बघा. 1883 मध्ये पंडिता रमाबाईंनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगेच ज्या सिस्टरांनी त्यांना आसरा दिला होता त्यांच्याशीच वाद घालायला सुरुवात केली. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत? बिशप सांगतो म्हणून का मानायचं, शास्त्रात कुठे आहे ते दाखवा. खाणंपिणं शाकाहारीच ठेवलं, तेही त्या सिस्टरांना खटकत होतं. 1890 मध्ये त्यांचं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आलं. त्याच वर्षी पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून रानडे आणि लोकमान्य टिळकांवर पुढे ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा खटला) उभं राहिलं. जे शहर चहाच्या कपावरून प्रायश्चित्त मागत होतं, तिथे एक ख्रिस्ती झालेली विधवा बाई विधवांना शिकवत बसली होती. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं करून त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलचं भाषांतरही केलं. (आणि तरी आमच्यातल्या काही मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समुदायांत, बाईनं उपदेश करावा की नाही यावर अजून बैठका होतात. अशांनी एकदा दौंडच्या लोकलमध्ये बसून केडगावला उतरावं.)

रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि अभंग लिहीत राहिले, कीर्तनं करत राहिले. नगर जिल्ह्यात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट त्याआधीच पाडलेली होती. 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा भक्तांचा मेळा मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही चालत. आजच्या चर्चमधली एलईडीची भिंत पैसे जमले की बसते. टिळकांनी जे केलं त्यासाठी मिशनरी आणि सनातनी या दोघांचीही बोलणी खावी लागत. आज आमच्याकडे प्रकाशयोजनेला लोक मिळतात, अभंगाला चाल लावणारा मिळत नाही.

हे फक्त माझं म्हातारपणाचं रडगाणं नाही. 1974 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे अमेरिकन उपदेशक बिली ग्रॅहम यांच्या पुढाकारानं 150 देशांतले इव्हँजेलिकल जमले होते. ब्रिटिश पाळक जॉन स्टॉट यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या तिथल्या करारात संस्कृतीवर एक आख्खं कलम आहे: कुठलीही संस्कृती दुसरीपेक्षा श्रेष्ठ नाही, प्रत्येक संस्कृती शास्त्राच्या कसोटीला लावायची, आणि सुवार्तेबरोबर (ख्रिस्ताच्या संदेशाबरोबर) परकी संस्कृतीही निर्यात झाली हा मिशनांचा दोष. लॅटिन अमेरिकेतल्या रेने पाडिया यांनी तर त्याच मंचावरून अमेरिकन राहणीलाच सुवार्ता समजण्याच्या सवयीवर टीका केली होती.

आता खरी गोम. डॉनल्ड मॅकगॅव्हरन नावाचे मिशनरी होते. जन्म 1897, आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, दमोहला. मध्य भारतात काम करताना त्यांनी पाहिलं की इथे लोक ख्रिस्ताकडे सुटे सुटे येत नाहीत, जातीच्या जातीनं येतात. त्यावरून त्यांनी सिद्धांत मांडला: वंश, भाषा, वर्ग यांच्या रेषा ओलांडाव्या लागल्या नाहीत तर माणूस विश्वासात लवकर येतो, तेव्हा मंडळी एकसारख्या लोकांची असू द्या, ती भराभर वाढेल. 1965 पासून ते हे कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, शिकवू लागले. अमेरिकन उपनगरांतल्या चर्चना ही कल्पना फारच सोयीची वाटली. 1980 मध्ये सॅडलबॅक चर्च सुरू करणाऱ्या रिक वॉरन यांनी तर 'सॅडलबॅक सॅम' नावाचं काल्पनिक गिऱ्हाईकच आखलं: सुशिक्षित, बऱ्या कमाईचा, घाईत असलेला. मग ही पद्धत पुस्तकं आणि शिबिरांतून आमच्यापर्यंत पोचली. तरुणांची सभा वेगळी, आयटीवाल्यांचा गट वेगळा, मराठी उपासना सकाळी साडेआठला, इंग्रजी संध्याकाळी पाचला. जातीकडे पाहून बांधलेला आडाखा अमेरिकेची वारी करून आला, आणि आपण त्याला नवं म्हणून हार घातला. ड्रमपेक्षा मला भीती याची वाटते. बायबलमधल्या प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला झाडलं ते याचसाठी: प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीला) काही जण आधीच खाऊन-पिऊन तृप्त, आणि गरीब उपाशी.

हे मी भाचीला ऐकवलं. ती संध्याकाळच्या सभेत कीबोर्ड वाजवते. म्हणाली, "आत्या, मराठी उपासनेत आडनाव सांगितलं की गाव विचारतात, गाव सांगितलं की गावात घर कुठल्या बाजूला ते विचारतात. इंग्रजी सभेत मला आजवर कुणीही हे विचारलेलं नाही." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमचे पणजोबा नगरकडच्या एका महारवाड्यातले. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले, सावित्रीबाईंनी 1854 मध्येच इंग्रजीला कवितेत माउली म्हटलं. त्या माउलीचा पदर भाचीनं धरला तर मी अभंगाचं कौतुक कोणत्या तोंडानं सांगू? शिवाय आमचे अभंग लिहिणारे टिळक चित्पावन होते, हेही ती विसरत नाही.

तरी तिच्या सभेतही चाळणी आहेच. आमच्या सकाळच्या मंडळीत स्वयंपाकाची कामं करणाऱ्या दोघी मावश्या आहेत. एकदा त्या संध्याकाळी आल्या. सगळ्यांनी हसून स्वागत केलं, कॉफी दिली, आणि दीड तासात त्यांना 'आमेन'खेरीज एक शब्द म्हणता आला नाही. भाचीलाही ते दिसलं. तिनं पुढच्या आठवड्यात दोन मराठी गीतं बसवली, एक 'उपासना संगीत' या आमच्या जुन्या गीतपुस्तकातलं, ड्रमवर. चाल जरा धावली, पण मावश्यांनी टाळ्या धरल्या.

म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या दिवशी, दोन्ही सभा एकत्र घ्याव्यात असं मी कमिटीत मांडलं आहे. पाळकसाहेब राजी आहेत, वाजवणारी मुलं राजी आहेत. अडलं आहे ते वेळेवर. साडेआठला तरुण उठत नाहीत, आणि संध्याकाळी म्हाताऱ्यांना घरी सोडायला गाडी कुणाची काढायची, यावर तिसरी बैठक व्हायची आहे.