लेकीचे फोटो काढून घेताना

नणंदेने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या लेकीचं चित्र टाकलं. पोर आठ वर्षांची, चित्रात मात्र विशीतली. नऊवारी नेसलेली, नाकात नथ. "एआयने बनवलं वहिनी, मोठी झाली की अश्शी दिसेल!" सगळ्यांनी बदाम पाठवले. नणंदेच्या मनात मायाच होती. पण एका साध्या फोटोवरून पोरीचं वय वाढवता येतं, कपडे बदलता येतात, हे डोळ्यांनी पाहिलं आणि रात्रभर झोप लागली नाही. स्पेनमधल्या आल्मेंद्रालेखो गावात २०२३ साली शाळकरी मुलींच्या नेहमीच्या फोटोंवरून नग्न चित्रं बनवली गेली. बनवणारे गावातलेच मुलगे होते.

सकाळी लेकीचं आणि शाळेचं नाव गूगलवर टाकलं. गॅदरिंगचे चार फोटो, बक्षीस समारंभाचा एक. प्रत्येकाखाली पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी. फोटोंपेक्षा मी त्या ओळीला जास्त घाबरले. एआयला शिकवण्यासाठी वापरलेल्या लायन-५बी या संग्रहात ५८५ कोटी चित्रांचे दुवे होते. त्यात ऑस्ट्रेलियातल्या मुलांचेही फोटो असल्याचं ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने २०२४ मध्ये दाखवलं. एका फोटोसोबत तर तीन-चार वर्षांच्या दोन मुलांची पूर्ण नावं, वयं आणि बालवाडीचं नावही होतं.

शाळेत गेले. क्लार्कने प्रवेश अर्ज काढला. "मॅडम, सही तुमचीच आहे ना?" शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होतं, 'पाल्याची छायाचित्रे प्रसिद्धीसाठी वापरण्यास हरकत नाही.' सही माझीच.

मग मुख्याध्यापिकांना लेखी अर्ज दिला: संमती मागे घेत आहे, सोबत पाच दुवे आणि स्क्रीनशॉट. पोच घेतली, ती पुढे फार कामाला आली. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला आईवडिलांची पडताळलेली संमती लागते, दिलेली संमती मागेही घेता येते. पण नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि या तरतुदी लागू व्हायला आणखी १८ महिन्यांची मुदत. बाईंनी तेच सांगितलं. मी म्हटलं, "कायदा लागू होईल तेव्हा होईल. आज मी आई म्हणून सांगतेय, हे काढा." वेबसाइट बाहेरचा माणूस बघायचा. तीन हेलपाटे झाले, अकराव्या दिवशी फोटो उतरले.

तरी गूगलवर लहान चित्रं दिसतच होती. १८ वर्षांखालच्या मुलांचे फोटो शोधातून काढण्यासाठी गूगलचा वेगळा अर्ज आहे, पालकही तो भरू शकतात. त्यात चित्राचा दुवा, शोधनिकालाच्या पानाचा दुवा आणि कोणते शब्द टाकून शोधलं ते द्यावं लागतं. एक लक्षात ठेवा: हा अर्ज फक्त शोधातून काढतो, मूळ पानावरून नाही. म्हणून आधी शाळा, मग गूगल.

घरातलं काम जास्त नाजूक होतं. सासूबाईंच्या डीपीवर नात होती. "माझीच नात, मी का नाही लावायची?" त्यांचे डोळे भरले. दोघी बसून पंधरा फोटो निवडले, छापून अल्बम केला. डीपीवर आता तुळस आहे. नणंदेने चित्र स्वतःहून काढलं.

मात्र एआयच्या ॲपवर चढवलेला तो मूळ फोटो परत कसा आणायचा, याचा मार्ग मला सापडलेला नाही.

आणि शाळेच्या पानावर बाकीची मुलं अजून तशीच आहेत, नावानिशी. नावांच्या ओळी तरी पुसाव्यात म्हणून पालकांचा एकत्र अर्ज लिहिलाय. लेकीच्या वर्गातल्या नऊ जणांच्या सह्या झाल्या. उद्या शाळा सुटताना पुन्हा गेटवर थांबणार आहे.