आधी झुकवू, मग पळवू: आमची वाटचाल

गिऱ्हाईक फोनवर पहिला प्रश्न हॉर्सपॉवरचा विचारतं. आमचं उत्तर ठरलेलं असतं: आधी मोटरसायकल वळणात झुकवू, मग थांबवू, पळवायचं शेवटी बघू. एवढं ऐकून बरेच जण फोन ठेवतात. जे ठेवत नाहीत, त्यांच्यावर आमचं दुकान चालतं.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीला लागून असलेल्या वेस्ट ॲलिसमध्ये आमचं मोटरसायकली शर्यतीसाठी तयार करायचं वर्कशॉप आहे. हा सगळा पट्टा हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकलींचा, 1903 पासूनचा. मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात वडिलांचं लेथचं दुकान होतं. ऑइल इंजिनाच्या क्रँक, उसाच्या चरकाचे शाफ्ट असली कामं यायची. शिकून विस्कॉन्सिनला आलो तो इंजिनाचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला. तिथले जुने मशीनिस्ट शनिवार-रविवार आपापल्या गॅरेजमध्ये हार्लेच्या क्रँक सरळ करत बसलेले असायचे. डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारं मोजमापाचं साधन) लावून क्रँक बघणं मला लहानपणापासून येत होतं, म्हणून मीही जाऊन बसायला लागलो. त्यातलेच एक पुढे माझे भागीदार झाले. आजही अवघड वेल्डिंग त्यांच्याच हातचं.

हे क्रँकचं काम नेमकं काय, ते सांगतो, कारण आमची पहिली भाकरी त्याच्यावरच निघाली. क्रँक म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरवणारा इंजिनातला दांडा. हार्लेच्या मोठ्या इंजिनाची क्रँक एकसंध नसते. दोन फ्लायव्हील म्हणजे जड चाकं, मधे त्यांना जोडणारी क्रँकपिन, आणि 1999 च्या ट्विन कॅम इंजिनापासून हे सगळं प्रेसने दाबून बसवलेलं. रस्त्यावर काही होत नाही. पण मोठे पिस्टन घालून ट्रॅकवर नेली आणि वळणात शिरताना रायडरने धडाधड गिअर उतरवले, की पिनेवर फ्लायव्हील केसभर फिरतं. मग थरथर वाढते, बेअरिंग खातं, ऑइल पंप खातो. अशी क्रँक आली की ती दोन टोकदार सेंटरमध्ये धरायची, दोन्ही टोकांना डायल लावायचे, हाताने सावकाश फिरवायची. काटा सगळ्यात जास्त जातो तिथे खडूची खूण, आणि त्या खुणेवर पितळी हातोड्याचा एक ठोका. परत फिरवायची. दोन थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत आली की पिन वेल्ड करायची. वेल्डच्या उष्णतेने ती पुन्हा जरा सरकते, म्हणून पुन्हा डायल, पुन्हा हातोडा. ठोका किती जोरात मारायचा हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही. आमच्याकडच्या नव्या पोरांना मी आधी भंगारातल्या क्रँकवर ठोके मारायला बसवतो.

काही वर्षं असं बरं चाललं होतं. ऑक्टोबर 2020 मध्ये तिकडच्या मोटरसायकल शर्यती भरवणाऱ्या मोटोअमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका ट्रॅकवर ‘किंग ऑफ द बॅगर्स’ नावाची निमंत्रितांची शर्यत घेतली आणि आमच्या धंद्याचा नूरच पालटला. बॅगर म्हणजे मागे दोन्ही बाजूंना कडक पेट्या असलेली, लांब पल्ल्याची क्रूझर. नवरा-बायकोने सामान भरून सुट्टीला जायची गाडी! लोकांनी तो व्हिडिओ हसायला म्हणून उघडला आणि शेवटपर्यंत पाहिला. टायलर ओ'हारा हा रायडर इंडियन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या चॅलेंजर गाडीवर जिंकला. 2021 पासून रीतसर मालिका सुरू झाली, तेव्हा काइल वायमनने हार्लेच्या रोड ग्लाइडवर किताब घेतला. पुढे 2022 ला इंडियन, 2023 ला हार्ले, 2024 ला परत इंडियन, 2025 ला परत हार्ले. हे वैर नवं नाही. 1911 मध्ये आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत पहिले तिन्ही नंबर इंडियनने मारले होते, आणि 1968 व 1969 ला कॅल रेबर्नने फ्लोरिडातली डेटोना 200 ही शर्यत जिंकली ती हार्लेच्या केआर गाडीवर, जुन्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनावर. आमच्या भागीदारांपुढे केआरचा विषय काढू नका, जेवण गार होईल.

आता मूळ अडचण. कारखान्यातून निघालेली रोड ग्लाइड साधारण 387 किलोची. या मालिकेच्या नियमात किमान वजन 620 पौंड, म्हणजे 281 किलो. शंभर किलो उतरवायचे, आणि पेट्या काढायच्या नाहीत! त्या कार्बन फायबरच्या करतात आणि वर चढवून बसवतात, नाहीतर वळणात घासतात. इंजिनालाही मर्यादा आहे: हार्लेच्या एअर-कूल्ड इंजिनाला 131 घन इंच, म्हणजे सुमारे 2147 सीसी, आणि इंडियनच्या लिक्विड-कूल्डला 112. एवढी धुडं डेटोनाच्या ट्रॅकवर ताशी 290 किलोमीटरच्या आसपास जातात.

पण वेग सरळ रस्त्यावरचा. साधी टूरिंग हार्ले तिशीच्या जरा पुढच्या कोनापर्यंत झुकते, मग फूटबोर्ड जमिनीला लागतात. रेसच्या गाडीला पन्नास अंश लागतात. फूटबोर्ड काढले की डावीकडे प्रायमरीचं, म्हणजे इंजिनापासून क्लचकडे जाणाऱ्या साखळीचं, कव्हर लागतं, ते वाचवलं की उजवीकडे सायलेन्सर. म्हणजे सगळी गाडीच उचलायची: मागे लांब शॉक, पुढे नवे क्लॅम्प आणि फोर्क, 17 इंची चाकं, बिनखाचांचे स्लिक टायर, बेल्टच्या जागी चेन. उचलली की वजनाचा मध्य वर जातो, ब्रेक मारल्यावर मागचं चाक उडायला बघतं. आणि या फ्रेमचा मुळातला स्वभावही आड येतो. 1980 पासून टूरिंग हार्लेत इंजिन रबरावर टांगलेलं असतं आणि स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, गिअरबॉक्सला धरलेला असतो. आरामासाठी उत्तम, पण जोरात वळवली की मागचं चाक एकीकडे आणि पुढचं दुसरीकडे बघतं. कडक माउंट आणि इंजिनाला आडव्या दांड्या लावून ते आवरतं. आमच्याकडचा निम्मा वेळ यातच जातो, आणि हाच माल आज आमच्याकडे सगळ्यात जास्त खपतो. कारण तोच डुगडुगपणा हायवेवर जाणाऱ्या साध्या गिऱ्हाइकालाही छळतो.

खरं सांगायचं तर रेसिंगमध्ये आम्ही पैसे मिळवत नाही, घालतो. कंपन्यांच्या टीमशी आमच्यासारख्याने टक्कर घ्यायचा विचारही करू नये. आम्ही क्लबच्या शर्यतींना जातो, ब्लॅकहॉक फार्म्सच्या आणि जमेल तेव्हा रोड अमेरिकाच्या ट्रॅकवर. ट्रॅकवर जे टिकतं ते दुकानात विकतो. एका टीमने सीझनभर काम करून घेतलं आणि शेवटी बिल बुडवलं. तेव्हापासून रेसचं काम असेल तर निम्मे पैसे आधी, मग ओळख कितीही जुनी असो. वडील उद्यमनगरात हेच करायचे आणि मला तेव्हा त्याची लाज वाटायची.

पुण्या-मुंबईहूनही विचारणा येते, हार्लेच्या स्ट्रीट रॉड आणि जुन्या स्पोर्टस्टर या गाड्यांबद्दल. त्यांना स्पष्ट सांगतो: आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असले बदल रस्त्यावर चालू देत नाही. कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर न्यायची असेल तर जरूर करा, पण नंबरप्लेटची गाडी कापू नका. आणि पार्ट इथून मागवण्याआधी ब्रेक पॅड, ब्रेकच्या नळ्या आणि शॉक नीट करून बघा. कस्टम ड्यूटी भरायच्या आधीच निम्मा प्रश्न सुटतो.

सध्या टेबलवर इंडियन चॅलेंजरच्या स्विंगआर्मचं जिग, म्हणजे तो धरून बनवायचा साचा, आहे. दोन सिलिंडरमध्ये 60 अंशांचा कोन असलेलं, पाण्याने थंड होणारं चॅलेंजरचं इंजिन भागीदारांना अजून परकं वाटतं, पण गिऱ्हाईक मागतं तर करायला हवं. सीझन मार्चमध्ये डेटोनाला सुरू होतो, म्हणून क्रँकची कामं नोव्हेंबरच्या आत टाका. जानेवारीत आलेली क्रँक आम्ही घेतो, पण ती मार्चला मिळेल असं सांगत नाही.