मिनेसोटातल्या हिवाळ्यासाठी आमचं अंगण

मिनियापोलिसच्या उपनगरातल्या आमच्या अंगणाची हिवाळ्याआधीची आवराआवर सप्टेंबरअखेर सुरू होते, ती जमीन गोठेपर्यंत चालते. मी मूळची सांगलीकडची. बागेची घाई पावसाआधी करायची, एवढंच मला माहीत होतं. इथे सगळी धावपळ थंडीआधी. कामांच्या याद्या ढिगाने मिळतात, पण कुठलं काम आधी आणि कुठलं मागून, याचा मेळ काही केल्या बसत नव्हता. मग प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न विचारायला लागले आणि क्रम आपोआप लागला: इथलं पाणी गोठलं तर काय होईल?

पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. पाइपात गोठलं तर पाइप फुटतो. जमिनीत गोठलं तर मुळांना ते ओढताच येत नाही, आणि झाड चक्क तहानेने वाळतं. म्हणजे काही ठिकाणचं पाणी थेंबन्‌थेंब काढून टाकायचं आणि काही ठिकाणी शेवटपर्यंत पाजत राहायचं.

हाताशी वेळ किती आहे, ते मात्र सांगता येत नाही. ऑक्टोबरात कधीही पहिलं हिव पडतं. 1991 साली तर हॅलोवीनच्या दिवशी, म्हणजे 31 ऑक्टोबरला, सुरू झालेल्या वादळात इथे 28 इंचांवर बर्फ पडला होता. शेजारचे आजोबा आजही त्या साली काय काय बाहेर राहून गेलं ते सांगतात. म्हणून आम्ही महत्त्वाची कामं त्याच्या बऱ्याच आधी उरकतो.

पहिला मान कढीपत्त्याचा. रात्रीचं तापमान 10 अंश सेल्सियसच्या, म्हणजे इथल्या 50 फॅरनहाइटच्या खाली जायला लागलं की कुंडी आत. आईचा फोनही त्याच सुमाराला येतो, "कढीपत्ता आत घेतलास का गं?" आत आणण्याआधी पानं वरून-खालून पाण्याच्या जोरदार धारेने धुते, साबणाचं सौम्य पाणी फवारते आणि काही दिवस कुंडी इतर झाडांपासून लांब ठेवते. घरातल्या हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड फार झपाट्याने वाढते. मग दक्षिणेची खिडकी, आणि पाणी अगदी बेताने. मातीत बोट घालून वरचे दोन इंच कोरडे लागले तरच द्यायचं. पानं पिवळी पडून गळतात, त्याने घाबरून जास्त पाणी घातलं की मुळं कुजतात. तुळसही त्याच खिडकीत येते, त्यामुळे आमच्याकडे तुळशीचं लग्न घरातच लागतं.

त्यानंतर स्प्रिंकलर. इथे बांधकामाच्या नियमात पाया 42 इंच खोल न्यावा लागतो, कारण हिव तिथवर उतरू शकतं. आणि स्प्रिंकलरचे पाइप जेमतेम फूटभर खोल! त्यांत पाणी राहिलं तर ते गोठणारच. म्हणून आत हवा सोडून ते सगळं बाहेर ढकलायचं. घरगुती पंप इथे पुरत नाही, कारण हवा नुसत्या दाबाने येऊन भागत नाही, भरपूर यावी लागते. म्हणून मोठा कॉम्प्रेसर घेऊन माणूस येतो. हे काम मी दरवर्षी शेजारी उभी राहून बघते. तळघरातला व्हॉल्व्ह आधी बंद, मग एकेक भाग उघडून हवा सोडायची. आमचे पाइप काळ्या पॉलिथिलीनचे, त्यामुळे दाब 50 पीएसआयच्या वर जाऊ द्यायचा नाही. सुरुवातीला नेहमीसारखं कारंजं उडतं, मग त्याची धुकट फवारणी होते, मग तोंडं फुर्र फुर्र थुंकायला लागतात. नुसती कोरडी हवा यायला लागली की लगेच थांबायचं, कारण कोरड्या हवेने आतली चाकं तापून झिजतात. थोडा वेळ जाऊ देऊन पुन्हा एक फेरी. शेवटी भिंतीपाशी स्प्रिंकलरचं पाणी उलटं घरात येऊ न देणारी जी पितळी जोडणी आहे, तिच्या व्हॉल्व्हच्या दांड्या पूर्ण बंदही नाही आणि पूर्ण उघड्याही नाही, तिरक्या 45 अंशांत सोडायच्या. पूर्ण बंद ठेवल्या तर आतल्या गोळीच्या पोकळीत चमचाभर पाणी अडकतं, आणि जाड पितळ तडकायला तेवढं पुरतं.

हे झालं की माझं सगळ्यात आवडतं काम, लसूण. बाकी सगळं आटोपतं घेत असताना ही एकच गोष्ट पेरायची असते. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, मधे कडक दांडा असणाऱ्या जातीचा लसूण घेते. आपल्याकडच्या मऊ मानेच्या लसणापेक्षा तो ही थंडी जास्त सोसतो. गड्डा फोडताना पाकळीचं साल निघू द्यायचं नाही. मोठ्या पाकळ्या बियाण्याला, बारक्या फोडणीला. बूड खाली, टोक वर, दोन-तीन इंच खोल, वीतभर अंतरावर. जमीन गोठण्याआधी पाकळीने मुळं धरावीत पण कोंब वर काढू नये, असा हा मुहूर्त साधायचा. वरून गव्हाच्या काडाचा तीन-चार इंच थर. हे पांघरूण ऊब देण्यासाठी आहे असं वाटतं, पण त्याचं खरं काम वेगळं आहे. माती गोठते-वितळते-पुन्हा गोठते तेव्हा ती फुगून पाकळीला वर ढकलून देते. काडामुळे ही उलथापालथ कमी होते. आणि थंडी लसणाला हवीच असते, तिच्याशिवाय गड्ड्यात पाकळ्या नीट पडत नाहीत. जूनमध्ये त्याला वळणदार दांडे येतात, ते काढून मी शेंगदाणे आणि हिरव्या मिरचीबरोबर वाटते. जुलैत गड्डे उपटायचे.

डेलियाची पानं हिवाने काळी पडली की कंद उकरून, माती झाडून, लाकडाच्या भुशात भरून तळघराच्या थंड कोपऱ्यात ठेवतो. गोठता कामा नयेत आणि सुरकुतताही कामा नयेत, एवढंच बघायचं.

पानगळीबद्दल माझं मत ठाम आहे. अंगण झाडून, सगळं छाटून लख्ख करायची इथे पद्धत आहे, ती मला पटत नाही. हिरवळीवरची पानं आम्ही मोअरने बारीक करून तिथेच मुरू देतो. वाफ्यातली तशीच राहतात. कोनफ्लॉवरच्या वाळक्या बोंडांवर गोल्डफिंच पक्षी येऊन बिया टिपतात आणि काही जातींच्या रानटी मधमाश्या पोकळ देठांत हिवाळा काढतात. हे सगळं उपटून पिशवीत भरताना माझा जीव तुटतो. टोमॅटोची रोगट झाडं मात्र मुळासकट काढायलाच हवीत.

कोवळ्या मॅपलच्या खोडाला पांढरी पट्टी गुंडाळायची. हिवाळ्यात दुपारी नैऋत्येची साल उन्हाने तापते, सूर्य मावळला की एकदम गोठते आणि उभी फाटते. पट्टीभोवती सशांसाठी बारीक जाळी, आणि ती बर्फ किती साचेल त्याच्याही वर जाईल इतकी उंच, कारण ससे बर्फावर उभे राहून साल कुरतडतात. ड्राइव्हवेच्या कडेच्या खुणेच्या काठ्याही याच दिवसांत ठोकून घेते, नंतर जमिनीत खिळासुद्धा जात नाही.

खरी कसरत असते ती आर्बरव्हायटीच्या कुंपणाची. ही झाडं हिवाळाभर हिरवी, म्हणजे वारा आणि ऊन त्यांच्या पानांतलं पाणी ओढतच राहणार, आणि खाली जमीन तर दगड झालेली. म्हणून जमीन गोठेपर्यंत त्यांना भरपूर पाजावं लागतं. पण स्प्रिंकलर तर ऑक्टोबरातच रिकामे केलेले! त्यामुळे भिंतीवरचा एक नळ आम्ही शेवटपर्यंत चालू ठेवतो. त्याचा व्हॉल्व्ह भिंतीच्या आत, उबेत असतो आणि बंद केला की पुढच्या नळीतलं पाणी गळून जातं. मात्र रबरी पाइप जोडलेलाच राहिला तर ते पाणी बाहेर पडत नाही आणि भिंतीच्या आत नळी फुटते. ते कळतं वसंतात, पहिल्यांदा नळ सोडल्यावर. म्हणून दर वेळी, बोटं कितीही बधिर झाली तरी, पाइप सोडूनच घरात यायचं.

बहुधा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात एक दिवस असा येतो की घातलेलं पाणी मुरत नाही, मातीवर तसंच साचून राहतं. त्या दिवशी पाणी घालणं थांबवते. रबरी पाइप गुंडाळून गॅरेजमध्ये, तळघरातून त्या नळाचं पाणी बंद, आणि बाहेरचा नळ शेवटचं पाणी गळून जावं म्हणून उघडा. मग एप्रिलमध्ये मॅपलची पट्टी सोडवायला जाईपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही.