आमची वाटचाल : टक्के सोडा, आहेत किती?

मत्स्यपालनाच्या टाक्यांमधले जिवाणू तपासणारी आमची प्रयोगशाळा. सुरुवातीला आमच्याकडे एक ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं भांडं), एक इनक्युबेटर (जिवाणू वाढवायची उबदार पेटी) आणि भरपूर आत्मविश्वास एवढंच भांडवल होतं. टाकीतलं पाणी आणायचं, टीसीबीएस आगरवर, म्हणजे व्हिब्रिओ वाढवायच्या खास जेलीवर, पसरायचं, दुसऱ्या दिवशी पिवळे-हिरवे ठिपके मोजून व्हिब्रिओचा (माशांना आजारी पाडू शकणाऱ्या जिवाणूंचा) आकडा कळवायचा. अहवाल सुटसुटीत, गिऱ्हाईक खूश.

पहिला दणका अमोनियाने दिला. तेच पाणी फिरवून वापरणाऱ्या एका केंद्रात आमच्या प्लेटा स्वच्छ, आणि मासे मात्र वर येऊन तोंड उघडमीट करत होते. आम्ही पाणी तपासत बसलो होतो. माशांच्या विष्ठेतून येणारा विषारी अमोनिया पचवणारे नायट्रोसोमोनास आणि त्यातून बनलेलं नायट्राइट पचवणारे नायट्रोस्पायरा हे जिवाणू राहतात बायोफिल्टरमधल्या (जिवाणूंकरवी पाणी शुद्ध करणाऱ्या गाळणीतल्या) प्लॅस्टिकच्या चकत्यांवर, आणि आमच्या आगरवर ते उगवतही नाहीत. चकती हातात घेतली तर तिचा बुळबुळीत तपकिरी थर गायब! आदल्या आठवड्यात टाकीत औषध पडलं होतं. असा थर नव्याने बसायला सहज चार ते आठ आठवडे जातात. तेव्हापासून पाण्याच्या बाटलीबरोबर एक चकतीही मागतो.

पुढे १६एस जनुकाचं सिक्वेन्सिंग बाहेरून करून घ्यायला लागलो. हे जनुक वाचून कुठला जिवाणू एकूणात किती टक्के, ते कळतं. रंगीत पट्ट्यांचे आलेख बघून आम्हीच हरखलो. एका मत्स्यपालकाला सांगितलं, पाण्यातले जिवाणू मारणारा यूव्ही (अतिनील) दिवा लावल्यापासून व्हिब्रिओ पाचावरून वीस टक्क्यांवर गेलाय. तो म्हणाला, "साहेब, टक्के सोडा. आहेत किती?"

उत्तर नव्हतं. एका मिलीलिटरमधल्या दहा लाख पेशींचे पाच टक्के म्हणजे पन्नास हजार. एक लाखाचे वीस टक्के म्हणजे वीस हजार. टक्का चौपट आणि जिवाणू निम्म्याहून कमी, असंही होऊ शकतं. त्यात व्हिब्रिओच्या एका पेशीत या जनुकाच्या अनेक प्रती, नायट्रोस्पायराच्या पेशीत बहुधा एकच. म्हणजे तराजूच मुळात झुकलेला. मेलेल्या पेशींचा डीएनएसुद्धा मोजला जातो, ते वेगळंच.

मग जुना फ्लो सायटोमीटर घेतला. कर्ज काढून, घरच्यांची बोलणी खाऊन. पेशी रंगवायच्या, एकेक करून लेझरसमोरून सोडायच्या, काही मिनिटांत एकूण संख्या हातात. यूव्हीनंतर रिकाम्या झालेल्या पाण्यात भराभर वाढणारे जिवाणू आधी घुसतात, म्हणून आता एका नमुन्यावर भागवत नाही. ओळीने काही दिवस मोजतो. रोज बाटल्या भरायला लोक कुरकुरतात, ते चालायचंच.

अहवालाच्या पहिल्या ओळीत आता एकूण पेशी लिहितो. रंगीत पट्टे शेवटच्या पानावर.