अर्धा स्वर खाली

ट्यूनरकाकांनी पियानोचं झाकण उघडलं, चार पट्ट्या दाबल्या आणि म्हणाले, "हा अर्धा स्वर उतरलाय. वर न्यायचा हट्ट करू नकोस."

मी तर हट्ट करायलाच त्यांना मुंबईहून पुण्याला बोलावलं होतं! वांद्र्याच्या एका घरातून उचललेला जुना अपराइट, म्हणजे उभा पियानो. मधला ए हा सूर ४४० हर्ट्‌झला हवा, तो ४१५च्या आसपास रेंगाळत होता. पण दोनशेहून जास्त तारा, सगळ्यांचा मिळून पंधरा-वीस टन ताण. गंजलेल्या तारा ओढल्या तर तुटणारच. त्यांनी पियानो आहे तिथेच सुरात लावून दिला.

म्हणजे मी काळी चार (चौथी काळी पट्टी) धरायची आणि ऐकू यायची तिच्या डावीकडची पांढरी पाच. दोन दिवस चिडचिड झाली. मग लक्षात आलं, मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, धैवतावर माझा आवाज सुटतोय, श्वास ऐकू येतोय. मी करत होते ते पडक्या वाड्यातल्या विहिरीवरचं गाणं होतं, त्याला तेच हवं होतं.

तोवर उदास गाणं म्हणजे पाश्चात्त्य संगीतातलं मायनर स्केल, एवढीच माझी अक्कल. डाव्या हातात सा-प, सा-प चालू. पंचम (प) धीर देतो, आणि इथे धीर द्यायचाच नव्हता. पंचम काढला, कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम ठेवला. त्याला राग मारवा म्हणायचं धाडस मी करणार नाही; एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड पियानोवर कुठून आणू?

रेकॉर्डिंग घरीच. अशा पियानोत मधलं पेडल दाबलं की हातोड्या आणि तारांच्या मध्ये फेल्टची पट्टी येते, शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून. आमच्या पट्टीला कसर लागलेली. घोंगडीचा तुकडा लावला तर आवाज मेलाच. शेवटी जुन्या मफलरची एकेरी पट्टी चालली. आवाज इतका मऊ झाला की माइक खूप उघडावे लागले, आणि मग सगळंच ऐकू यायला लागलं: पेडलची कुरकुर, फ्रिज, रात्री दीडला गल्लीतली कुत्री. फ्रिज बंद केला. कुरकुर मुद्दाम ठेवली.

खरी फजिती पावसाने केली. जूनमध्ये पियानो वाजवून घेतला, आवाज नंतर भरू म्हटलं. दमट हवेत साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी, फुगतो, सूर चढतो. ऑगस्टमध्ये दोन ओळी नव्याने वाजवल्या, तर जुन्याशी जुळेनात. सगळं पुसलं. एकाच बैठकीत वाजवत गायले, अकराव्या वेळी जमलं.

पुढचं कागदी काम सोपं, फक्त एक गोंधळ टाळा. बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळख-कोड त्या रेकॉर्डिंगचा असतो, गाण्याचा नव्हे. गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसमध्ये (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत) वेगळी नोंद करावी लागते.

आता कार्यक्रमात ४४०चा पियानो मिळाला की अख्खं गाणं एक पट्टी डावीकडे सरकवून वाजवते. बोटं अजूनही काळी चारवरच जातात.