तुम्ही विचारलंत म्हणून : मालिकेतली मॅडम

लग्नाच्या पंगतीत, बँकेत, कोथरूडला भाजी घेताना, कुठेही मला एकच प्रश्न येतो. "तुम्ही मालिका लिहायचात ना? मग सांगा, कंपनी चालवणारी बाई मालिकेत नेहमी दुष्टच का असते हो?" विचारणाऱ्याला आमचं घर माहीत असेल तर पुढचं वाक्यही येतं. "आणि तुमच्या तर आईचाच भोसरीत कारखाना होता!" हे दुसरं वाक्य मला लागतं. आजवर काहीबाही बोलून वेळ मारून नेली. आता एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी माझी बाजू. नऊ वर्षं मी रोजच्या मालिकांचे संवाद लिहिले. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, अशी या कामाची वाटणी असते. बाई दुष्ट आहे हे माझ्यापर्यंत कागद येण्याआधीच ठरलेलं असायचं. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की बावीसेक मिनिटं उरतात, आणि भाग रोज दाखवायचा म्हणजे तेवढं चित्रीकरण जवळजवळ रोज व्हावंच लागतं. म्हणून घराचा सेट कायमचा उभा असतो. दिवाणखाना, जिना, देवघर, स्वयंपाकघर. ऑफिस म्हणजे काचेची एक केबिन, फिरती खुर्ची आणि चार फायली. कारखाना दाखवायचा तर सगळं युनिट उचलून न्यायचं, परवानग्या काढायच्या, मशीनच्या आवाजात संवाद ऐकू येत नाहीत ते वेगळंच. त्यामुळे मॅडम कारखान्यात जातच नाहीत. त्या दिवाणखान्यात उभ्या राहून "टेंडर आपल्यालाच मिळालं पाहिजे" असं फोनवर म्हणतात, फोन ठेवतात आणि सुनेकडे वळतात. जिचं काम दाखवायचंच नाही, तिला दिवसभर करायला कारस्थानाशिवाय काय उरतं? कोऱ्या कागदावर सही घेतली की अख्खी कंपनी नावावर होते, तेही त्यामुळेच. कंपनीचे शेअर दुसऱ्याच्या नावावर करायचे तर हस्तांतराची कागदपत्रं लागतात, मुद्रांक शुल्क भरावं लागतं, संचालक मंडळाची मंजुरी लागते. हे लिहायला बसलं तर भांडण दिवाणखान्यात होणार कसं?

हे उत्तर मी खूप जणांना दिलंय. ते खोटं नाही. पण त्यात मी माझी सुटका करून घेते, हे मला कळतं.

कारण मराठी मालिकांत चांगली उद्योजिका आलीच नाही असं नाही. 'होणार सून मी ह्या घरची' २०१३ साली सुरू झाली, तीत गोखले गृहउद्योगाच्या भागीरथीबाई होत्या, रोहिणी हट्टंगडींनी केलेल्या. पुढे 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका मसाले करता करता मोठ्या कंपनीची मालकीण झाली. प्रेक्षकांनी दोघींना जीव लावला. पण भागीरथीबाई आजी होत्या, आणि राधिकाचा धंदा नवऱ्यानं फसवल्यावर स्वयंपाकघरातून निघालेला. 'आई कुठे काय करते'मध्ये पहिल्यापासून ऑफिसात कर्तबगार असलेली जी बाई होती, ती संजना, तिच्या वाट्याला दुसरीचा संसार मोडणं आलं. मालिकेतल्या बाईला धंद्याची बंदी नाहीच. तो तिच्या अंगावर येऊन पडलेला असला पाहिजे, आणि तिला तो मनापासून आवडता कामा नये.

एकदा वाहिनीच्या बैठकीत मी उद्योजिका अनू आगांचं उदाहरण दिलं होतं. १९९६मध्ये नवरा गेला आणि थरमॅक्स या पुण्याच्या मोठ्या कंपनीची सूत्रं त्यांच्या हाती आली. पुढच्याच वर्षी मुलगा गेला. कंपनीची घसरण चालू होती, शेअरचा भाव कोसळला होता, आणि कुणा भागधारकाचं निनावी पत्र वाचून त्या इतक्या अस्वस्थ झाल्या की बाहेरचे सल्लागार आणून त्यांनी कंपनीची घडी नव्यानं बसवली. मी म्हटलं, बघा, ते पत्र वाचणारी बाई लिहूया. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग एकानं विचारलं, "छान आहे, पण तिच्या घरात काय चाललंय?" मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो. पण त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं, हेही खरंच.

आता आईचं.

बाबा १९८६ साली गेले. भोसरी एमआयडीसीत त्यांचं छोटं प्रेस शॉप होतं, म्हणजे पत्रा दाबून, कापून सुटे भाग करायचा कारखाना. चार पॉवर प्रेस, अकरा माणसं, मोठ्या कंपन्यांना लागणारे ब्रॅकेट आणि वॉशर. नातेवाईक म्हणाले, विकून टाक. आईनं तीन महिन्यांत ड्रॉइंग वाचायला घेतलं, मापं घ्यायचा व्हर्निअर हातात धरला, आणि नारायण पेठेतून भोसरीला लूनावर जायला लागली. शाळेला सुट्टी रविवारी, भोसरीच्या कारखान्यांना गुरुवारी. माझी आणि आईची सुट्टी कधी एका दिवशी आलीच नाही.

आणि एक गोष्ट मी फार उशिरा कबूल केली. आईला ते काम आवडायचं. रात्री जेवताना डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, कशी बसली हे ती सांगायची तेव्हा तिचा चेहरा उजळायचा, आणि मला तो चेहरा नको असायचा. तिनं दमून, नाइलाजानं कारखाना चालवला असता तर मी तिला माफ केलं असतं. मालिकेनं घातलेली अट मी बाराव्या वर्षी घरात घातली होती.

१९८८च्या पावसाळ्यात मला टायफॉइड झाला. एका दुपारी ताप एकशेतीनवर गेला. आजी घाबरली. वाड्याच्या मालकांकडे फोन होता, तिथून तिनं भोसरीला लावला आणि रिसीव्हर माझ्या कानाशी धरला. आई म्हणाली, "डॉक्टरांना बोलाव म्हणावं आजीला. मशीन बंद पडलंय, मला निघता येत नाही." एवढंच. फोन ठेवला. रात्री साडेदहाला आली. माझ्या कपाळावर हात ठेवला, त्या हाताला डेटॉलचा वास येत होता. मला वाटलं, घरी येताना हात धुऊन आली.

सव्वीस वर्षांनी, २०१४मध्ये, मी एका मालिकेचे संवाद लिहीत होते. मॅडमचा मुलगा तापानं फणफणलाय, धाकटी सून रात्रभर मीठपाण्याच्या पट्ट्या ठेवतेय, मॅडम ऑफिसात. पटकथेत एवढंच होतं, 'मॅडम फोनवर तोडून बोलतात.' काय बोलतात ते मला ठरवायचं होतं. मला विचार करावा लागला नाही. "डॉक्टरांना बोलाव म्हणावं. मशीन बंद पडलंय, मला निघता येत नाही." दिग्दर्शकाला वाक्य फार आवडलं. त्यावर तीनदा कॅमेरा गेला, ढोल वाजले, आणि तिथेच भाग संपला.

आई माझी प्रत्येक मालिका बघायची. तो भागही बघितला. रात्री काही बोलली नाही. सकाळी चहा घेताना म्हणाली, "ते वाक्य तू लिहिलंस?"

"हो."

"मशीन बंद पडलं नव्हतं गं त्या दिवशी."

मग तिनं सांगितलं. परांड्याकडचा एक मुलगा होता, एकोणीस वर्षांचा, नवीन आलेला. प्रेस पायाच्या पेडलवर चालायचा. पत्रा सरकवताना त्याची दोन बोटं डायखाली गेली. आई त्याला रिक्षात घालून हॉस्पिटलात घेऊन गेली होती, आणि कपडे बदलायला, पैसे घ्यायला म्हणून कारखान्यात परत आली तेवढ्यात आमचा फोन आला. तापात पडलेल्या पोरीला बोटांचं काय सांगणार, म्हणून मशीन म्हणाली.

मी रडायला लागले. मला वाटलं, आता ती मला जवळ घेईल. ती म्हणाली, "थांब, पुढचं ऐक. संध्याकाळी माल जायचा होता. सकाळपासून मीच त्याच्या मागे लागले होते. बोटं आत जाऊ नयेत म्हणून गार्ड होतं त्या प्रेसला. गार्ड लावलं की वेग कमी होतो, म्हणून काढून ठेवलं होतं. मला माहीत होतं काढून ठेवलंय."

तेव्हापासून हे माझ्या डोक्यात घोळतंय. कधी वाटतं, मी आईवर अन्याय केला. मग बारा वर्षांची मी उठून म्हणते, पण तू नव्हतीस ना तेव्हा, कारण काहीही असो. तीही चुकीची नाही. बोटांचं कळल्यानं त्या दुपारचा ताप उतरत नाही. मी आईला सांगते, मला ठाऊक असतं तर ते वाक्य वापरलं नसतं. ती विचारते, मग सव्वीस वर्षांत तू विचारलं का नाहीस? त्या मुलाला आईनं नंतर स्टोअर सांभाळायला ठेवलं होतं. दर खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की तोच मला पेढा द्यायचा. त्याची दोन बोटं नाहीत हे मला दिसत होतं. ती कधी गेली, हे मी कधीच विचारलं नाही.

मालिकांवर माझा खरा राग आता इथे येऊन थांबतो. सत्ता हातात असलेली बाई आम्ही इतक्यांदा लिहिली, पण त्या सत्तेनं तिच्या हातून काय घडतं, ते लिहिलंच नाही. गार्ड काढलेलं माहीत असणं, आणि तरी माल वेळेवर जावा म्हणून गप्प राहणं, हे तिचं दुष्टपण असतं की नाही मला माहीत नाही. आईलाही माहीत नाही. आम्ही तिला सोपे गुन्हे दिले.

"म्हणून सोडलंत का लिहिणं?" असंही विचारतात. नाही. त्यानंतर दोन वर्षं लिहीत होते, फ्लॅटचे हप्ते होते. सोडलं ते वेगळ्या कारणांनी.

आईनं बोटांचं सांगितलं त्याच दिवशी रात्री साडेआठला तिनं नेहमीसारखा टीव्ही लावला. मी शेजारी बसले. जाहिराती चालू असताना तिनं विचारलं, "पुढे काय करणार आहात मॅडमचं?"

"जेलमध्ये जाते," मी म्हटलं.

"कशासाठी?"

"सुनेच्या दुधात विष घालते म्हणून."

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग रिमोट घेतला आणि आवाज वाढवला.