तिखटाचं सोडा, गोळाभात खाल्लात का?

"तुम्ही नागपूरचे ना? मग एवढं तिखट खाता तरी कसं?" ओळख झाली की तिसऱ्या वाक्याला हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सावजीचा लालभडक रस्सा असतो. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातला तो रस्सा पुढे भोजनालयांत गेला आणि साऱ्या शहराच्या नावावर चढला. भिवापुरी मिरचीही आमच्याच जिल्ह्यातली, त्यामुळे आरोप अगदीच खोटा नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आमच्या घरी सावजी कधी शिजलं नाही. आमचं घर चाललं ते हरभऱ्याच्या डाळीवर.

भाजी नाही? झुणका. पाहुणे आले? पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा. काळी जमीन पावसाचं पाणी धरून ठेवते आणि त्या ओलीवर थंडीत हरभरा येतो. पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे जा, तिथे तळ्यांच्या पाण्यावर धान पिकतं. नागपूर या दोन्हींच्या मधे. म्हणून असेल, आमच्याकडे दोन्ही एकाच गंजात, म्हणजे पातेल्यात शिजतात, त्याचं नाव गोळाभात.

डाळ भिजवून भरड वाटायची. अगदी गंधासारखी वाटली की गोळ्याचा दगड झालाच म्हणून समजा. तिखट, मीठ, हळद, हिंग आणि हात आखडता न घेता तेल. गोळे वळून अर्धवट शिजलेल्या भातावर ठेवायचे, वर झाकण. पानात गोळा कुस्करून त्यावर हिंग, मोहरी, सुक्या मिरचीची कडकडीत फोडणी, निदान पळीभर. माझ्या धाकट्या जावेने, ती पुण्याची, पहिल्याच दिवशी तूप मागितलं. सासूबाई म्हणाल्या, "तूप उद्या वरणावर घे बाई, आज तेलच." तिने घेतलं, पण बिचकत.

खरी गंमत हिवाळ्यात झाली. थंडीत कोथिंबिरीच्या जुड्या मातीमोल होतात, तेव्हा घरोघरी सांभारवडी तळली जाते. कोथिंबिरीला आम्ही सांभार म्हणतो, हे तिला सांगायचं राहूनच गेलं होतं. "आज सांभारवडी आहे," म्हटल्यावर तिने इडलीबरोबरचं सांबार समजून वाटी पुढे केली. पानात पडली बेसनाच्या पारीत कोथिंबीर, खोबरं, खसखस भरलेली लांबट वडी. सासूबाईंनी काही न बोलता तिच्या वाटीत कढी वाढली. वडीबरोबर ती लागतेच.